आधी साखळी, मग विंडलास

मुंबईहून गोव्याकडे शिडाच्या छोट्या बोटीने निघालात तर वाटेत बोट बांधायला सोयीचा धक्का क्वचितच मिळतो. मुक्काम पडतो तो खाडीच्या तोंडाशी, नांगरावर. दिघीला राजपुरीची खाडी, जयगडला शास्त्री नदीचे मुख, विजयदुर्गला वाघोटणची खाडी, सगळीकडे हेच. आणि एकदा नांगर टाकला की झाले, असेही होत नाही. दुपारचा वायव्येचा वारा पडून रात्री जमिनीवरचा सुटला की बोट फिरते, शेजारच्या होड्यांच्या फार जवळ जाते, मग नांगर उचलून जागा बदलावी लागते. पंधरा किलोचा नांगर आणि चिखलाने माखलेली साखळी हाताने ओढून काढणे हे कमरेचे काम आहे. पण कंबर दुखते यापेक्षा मोठा धोका दुसराच आहे. पुन्हा ओढावी लागेल या धास्तीने माणूस साखळी कमी सोडतो, आणि रात्री नांगर घसरतो. नांगराची साखळी ओढणारे विजेवरचे यंत्र, म्हणजे विंडलास, बसवण्याचे माझ्या लेखी हेच खरे कारण: साखळी सोडताना हात आखडू नये.

विंडलास घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी यंत्राचा कॅटलॉग उघडतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी साखळी ठरवा, मग ती पडते तो लॉकर मोजा, मग डेक तपासा, मग बॅटरीपासून नाळेपर्यंतच्या केबलचा हिशोब करा. या चारही गोष्टी झाल्या की कोणते यंत्र घ्यायचे ते जवळजवळ आपोआप ठरते. पुढचे सगळे आकडे ३३ फुटी, पाच-सहा टनांच्या फायबरग्लासच्या शिडाच्या बोटीसाठी आणि १२ व्होल्टच्या वीजव्यवस्थेसाठी आहेत. तुमची बोट लहान-मोठी असेल तर आकडे बदलतील, हिशोबाची रीत तीच राहील.

साखळी किती लागते ते आपल्या किनाऱ्यावर भरती ठरवते. मुंबईच्या आसपास उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते. दक्षिणेला गोव्याकडे जाताना हा फरक निम्म्यावर येतो. समजा ओहोटीला ४ मीटर पाण्यात नांगर टाकला. भरतीला आणखी ४ मीटर चढणार, आणि नाळ पाण्यापासून १ मीटर उंच. म्हणजे हिशोबाची खोली ९ मीटर. साखळी निदान तिच्या पाचपट सोडायची तर ४५ मीटर झाली. म्हणून ८ मिलिमीटरची ५० मीटर साखळी धरू. वाऱ्याच्या रात्रीसाठी तिच्या शेवटाला आणखी दोर जोडून ठेवता येतो.

आता साखळीची कडी. विंडलासवर साखळी ज्या खाचांच्या चाकात बसते त्याला जिप्सी म्हणतात. जिप्सीची प्रत्येक खाच एका ठरावीक मापाच्या कडीसाठी कोरलेली असते. कडीची जाडी जुळली म्हणजे साखळी जुळली, असे समजू नका. कडीची आतली लांबीही जुळावी लागते. ८ मिलिमीटरच्या प्रमाणित साखळीत ती २४ मिलिमीटर असते. १० मिलिमीटरमध्ये मात्र घोळ आहे: डीआयएन ७६६ या प्रमाणाची कडी आतून २८ मिलिमीटर, तर आयएसओ ४५६५ ची ३० मिलिमीटर. दोन मिलिमीटरच्या या फरकाने साखळी ताण आला की जिप्सीवरून उड्या मारते. मुंबईत दारूखाना भागात किंवा लोखंडाच्या दुकानात साखळी स्वस्त मिळते, पण तिच्या कड्या एकसारख्या असतीलच असे नाही. फूटपट्टी सोबत न्या. दहा कड्या ताणून जमिनीवर ठेवा आणि पहिल्या कडीच्या बाहेरच्या टोकापासून दहावीच्या बाहेरच्या टोकापर्यंत मोजा. ८ मिलिमीटरच्या योग्य साखळीत हे अंतर २५६ मिलिमीटर भरते. साखळीच्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजा. माप डळमळले तर ती साखळी विंडलाससाठी नाही, कितीही जाडजूड दिसो.

आता वजन. ८ मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण १.४ किलो भरते, म्हणजे ५० मीटरची ७० किलो. त्यात १५ किलोचा नांगर धरला की ८५ किलो. विंडलासची कमाल ओढ या वजनाच्या तीन ते चौपट असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. चौपट धरली तर ३४० किलो. कॅटलॉगात कमाल ओढ ठळक छापतात आणि नेहमीच्या कामाचा भार बारीक अक्षरात. कमाल ओढ म्हणजे मोटर जवळजवळ अडकते तो आकडा, रोजच्या कामाचा नव्हे. आपल्या बोटीला ७०० ते १००० वॅटचे यंत्र पुरते. इंग्लंडचे ल्यूमार, इटलीचे लोफ्रान्स आणि क्विक, मूळचे न्यूझीलंडचे मॅक्सवेल या सगळ्यांकडे या ताकदीची यंत्रे आहेत, आणि त्यांत डावे-उजवे करण्यापेक्षा सुटे भाग तुमच्यापर्यंत किती सहज येतील ते पाहावे.

उभा विंडलास की आडवा, याचे उत्तर लॉकर देतो. उभ्या प्रकारात डेकवर फक्त जिप्सी आणि तिच्यावर दोराचा ढोल दिसतो. मोटर आणि गिअर डेकखाली. साखळी जिप्सीला अर्धा वेढा घालते, त्यामुळे पकड चांगली. आडव्यात सगळे यंत्र डेकच्या वर असते, बसवायला सोपे, पण साखळीला पाव वेढाच मिळतो. उभ्याला साखळी स्वतःच्या वजनाने खाली ओढली जाण्यासाठी उंची लागते: सगळी साखळी आत रचल्यावरही ढिगाच्या शेंड्यापासून डेकच्या खालच्या बाजूपर्यंत निदान ३०० मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. हे कागदावर काढू नका. साखळी लॉकरमध्ये हाताने सोडा, तिचा सुळका कुठवर येतो ते बघा आणि वरून टेप लावा. जुन्या अनेक बोटींमध्ये नांगराचा खण डेकवरूनच उघडणारा, उथळ असतो. तिथे उभा विंडलास बसवला तर शेवटची वीस मीटर साखळी दर वेळी कोणीतरी हाताने बाजूला सारत बसेल. अशा बोटीला आडवाच बरा. लॉकर अरुंद आणि खोल असेल तर उत्तम. रुंद लॉकरमधला ढीग बोट कलली की कोसळतो आणि कड्या एकमेकींखाली अडकतात.

लॉकर उघडलाच आहे तर साखळीचे आतले टोक पाहून घ्या. ते लॉकरमधल्या कडीला शॅकलने थेट अडकवलेले असेल तर काढा. त्याऐवजी मजबूत दोर बांधा, आणि तो इतका लांब ठेवा की सगळी साखळी बाहेर गेल्यावर दोर जिप्सीच्या पुढे डेकवर दिसेल. मध्यरात्री दुसरी बोट अंगावर येत असेल तर सुरीने तो दोर कापून निघता येते. गंजलेली शॅकल अंधारात उघडत नाही.

आता डेक, आणि इथे घाई अजिबात नको. फायबरग्लासच्या बहुतेक बोटींचा डेक दोन पातळ थरांचा आणि मध्ये बाल्सा लाकडाचा किंवा फोमचा गाभा असा असतो. विंडलासच्या जागी एखाद्या छोट्या हातोडीच्या दांड्याने ठोकून ऐका. कोरडा, टणक आवाज आला तर ठीक. बोदा आवाज आला तर आत पाणी मुरले आहे किंवा थर सुटले आहेत. खात्री करायची असेल तर जिथे नाही तरी भोक पडणारच आहे तिथे बारीक ड्रिल मारा आणि ड्रिलच्या दातांत आलेला भुसा बोटांत चोळा. फिकट, हलका, उडून जाणारा असेल तर बाल्सा निरोगी आहे. तपकिरी, ओलसर, बोटाला चिकटणारा आणि कुजका वास येणारा असेल तर विंडलास बाजूला ठेवा. आधी डेकची दुरुस्ती.

जागा आखताना सगळ्यांत जास्त वेळ नाळेवरच्या रोलरपासून जिप्सीपर्यंतच्या रेषेला द्या. उभ्या विंडलासमध्ये साखळी जिप्सीच्या मध्याशी येत नाही, कडेच्या खाचेला स्पर्श करून वळते. म्हणून रोलरचा मध्य जिप्सीच्या त्या कडेशी जुळला पाहिजे, यंत्राच्या मध्याशी नव्हे. यंत्राबरोबर कागदी साचा येतो. तो डेकवर चिकटवा, रोलरच्या खोबणीतून दोरी ताणून आणा, दोरी खाचेच्या उंचीवर आणि रेषेत येते का ते वरून आणि बाजूने दोन्हीकडून बघा. उंची कमी पडत असेल किंवा डेकला फुगवटा असेल तर खाली सागवानाचा किंवा फायबरचा घडवलेला ठोकळा घ्यावा लागेल. खाली मोटरला जागा आहे का, पडद्याच्या भिंतीवर ती आदळत नाही ना, आणि लॉकरचे झाकण पुरते उघडते ना, हेही आताच. भोक पाडल्यावर या प्रश्नांना अर्थ उरत नाही.

बोल्टची भोके आधी मापापेक्षा मोठी पाडा. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून दोन थरांच्या मधला गाभा भोकाभोवती १०-१५ मिलिमीटर खरवडून काढा. खालून चिकटपट्टी लावा, घट्ट केलेले इपॉक्सी भरा, पुरते वाळू द्या, आणि मग त्या टणक गुडदीत बोल्टच्या मापाचे भोक पाडा. साखळीच्या मोठ्या भोकाची कडही अशीच बंद करा. हे केले नाही तर बोल्ट आवळताना डेक चेपतो आणि पुढे वर्षानुवर्षे पाणी गाभ्यात झिरपत राहते. कोकणातल्या उन्हात इपॉक्सी फार लवकर आळते, म्हणून काम सकाळी करा, सावकाश वाळणारा हार्डनर वापरा आणि थोडे थोडे कालवा. पावसाळ्याच्या दमट हवेत हे काम करूच नये.

डेकखाली आधाराची पाटी हवीच: १२ मिलिमीटरचे मरीन प्लाय, सगळ्या बाजूंनी इपॉक्सी पाजलेले, किंवा जाड फायबरची पाटी, आकाराने यंत्राच्या तळापेक्षा चांगलीच मोठी. ॲल्युमिनियमची वापरली तर स्टीलच्या बोल्टशी थेट संबंध येऊ देऊ नका, नाहीतर खारट ओलीत ॲल्युमिनियम खाल्ले जाते. सीलंट पॉलियुरेथेनचा साधा चालेल, पण कायमचा चिकटवणारा नको. हे यंत्र कधीतरी उतरवावे लागणार आहे. भोकांच्या वरच्या कडा थोड्या तिरक्या घासून घेतल्या की सीलंटचे कडे बोल्टभोवती नीट बसते.

आता वीज. १००० वॅटची मोटर १२ व्होल्टवर हिशोबाने ८३ अँपिअर घेते, आणि नांगर चिखलातून सुटत नसताना त्याहून बरीच जास्त. आपण १०० धरू. बॅटरी इंजिनाजवळ आणि विंडलास नाळेवर, म्हणजे केबलची एकेरी वाट साधारण ९ मीटर आणि जाऊन-येऊन १८. या अंतरावर १०० अँपिअर वाहताना २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये सव्वा व्होल्टहून अधिक दाब वाटेतच जिरतो, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. ३५ च्या केबलमध्ये ०.९ व्होल्ट, ५० च्या केबलमध्ये ०.६३ व्होल्ट. दहा टक्के ही अगदी शेवटची मर्यादा समजावी. दाब उतरला की मोटर मंदावते, साखळी वर यायला जास्त वेळ लागतो, केबल आणि मोटर दोन्ही तापतात, आणि कंट्रोल बॉक्समधला रिले नीट धरत नाही, थरथरतो आणि त्याचे संपर्क जळतात. मी या बोटीला ५० चीच केबल घालीन. पैसे जास्त पडतात, पण केबल एकदाच ओढायची असते.

इथे नाळेतच स्वतंत्र बॅटरी ठेवावी, असे सुचवणारे पुष्कळ भेटतील. हिशोब करून पाहू. ५० मीटर साखळी वर यायला तीन-चार मिनिटे लागतात. चार मिनिटे १०० अँपिअर म्हणजे सात अँपिअर-तासही नाही. विंडलास विजेचा साठा खातच नाही म्हणा. त्याला हवा असतो तो काही मिनिटांचा जोरदार प्रवाह. ५० च्या १८ मीटर केबलमध्ये सुमारे ८ किलो तांबे असते. शंभर अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी पंचवीस किलोच्या घरात जाते, तेही बोटीच्या अगदी टोकाला, जिथे वजन नको असते. शिवाय तिला चार्ज करायला केबल न्यावी लागतेच. ११ मीटरपेक्षा लहान बोटीत माझा कौल जाड केबलला आणि असलेल्या बॅटऱ्यांना. घरगुती वापराच्या बॅटरीवर जोडा, इंजिन सुरू करायची बॅटरी राखून ठेवा आणि विंडलास चालवताना इंजिन चालूच असू द्या. लिथियमची बॅटरी असेल तर तिची नियंत्रण यंत्रणा एवढा प्रवाह सोडू देते का ते आधी बघा; मोटर अडकली की ती ऐन वेळी सगळ्या बोटीची वीज तोडू शकते.

केबल कलई केलेल्या तांब्याची, मरीन दर्जाची घ्या. बाजारात वेल्डिंगची केबल सहज मिळते आणि जाडीही हवी तशी, पण तिच्या उघड्या तांब्यात खारट ओल तारांच्या मधून आत चढते आणि काही हंगामांत तार काळी पडते. टोकाचे लग हायड्रॉलिक यंत्राने दाबून घ्या, हातोडीने ठोकून नव्हे, आणि त्यावर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवा. यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या क्षमतेचा ब्रेकर बॅटरीच्या अगदी जवळ लावा. बॅटरी आणि ब्रेकर यांच्यामधल्या केबलला कोणतेच संरक्षण नसते, म्हणून ती वीतभरापेक्षा लांब नसावी. हा ब्रेकर हाताने बंद करता येणारा हवा, आणि बोट चालत असताना तो बंदच ठेवायचा.

कंट्रोल बॉक्स लॉकरमध्ये बसवू नका. तिथे पाणी आणि खारट वाफ असते. पडद्याच्या मागच्या कोरड्या बाजूला त्याची जागा. मोटरला दोन टोके आहेत की तीन, ते पाहून त्याच प्रकारचा बॉक्स घ्या, दोन्हींची जोडणी वेगळी असते. डेकवर पायाने दाबायची बटणे सोयीची, पण उन्हात त्यांचे रबर तडकते, पाणी आत जाते आणि एखाद्या दिवशी विंडलास आपणहून फिरू लागतो. बटणे लावलीत तर झाकणवाली लावा आणि रबर दर वर्षी बघा. मला स्वतःला तारेला जोडलेला हातातला रिमोट जास्त पसंत आहे. वाकून रोलरवर नजर ठेवता येते.

पहिली चाचणी जागेवरच, भाराविना, दिशा बरोबर आहे का ते पाहण्यापुरती. मग पाच-सहा मीटर पाण्यात नांगर टाकून उचला. दुसऱ्या माणसाला मल्टिमीटर द्या. भार असताना बॅटरीच्या टोकांवर आणि मोटरच्या टोकांवर दाब मोजायचा, फरक १.२ व्होल्टच्या आत हवा. थांबवल्यावर प्रत्येक लगला हात लावा. एखादाच गरम लागला तर तो जोड वाईट आहे.

वापरताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: विंडलास साखळी उचलतो, बोट ओढत नाही. इंजिनने हळूहळू नांगराकडे जा, सैल पडलेली साखळी तेवढी आत घ्या, थांबा, बोट आपणहून पुढे सरकू द्या, पुन्हा घ्या. साखळी सरळ खाली उभी राहिली आणि नांगर सुटेना, तर बटण दाबून धरू नका. साखळी स्टॉपरवर किंवा क्लीटवर अडकवा आणि इंजिनने हलकेच पुढे जाऊन नांगर उपटा. नांगरावर उभे असतानाही भार यंत्रावर ठेवायचा नाही. आठ-दहा मीटरचा तीन पिळांचा नायलॉन दोर साखळीला हुकाने अडकवून क्लीटला बांधा आणि साखळी थोडी सैल सोडा. धक्के नायलॉन खातो, गिअर वाचतो. साखळी चालू असताना हात, सैल कपडे आणि मोकळे केस जिप्सीपासून दूर. मुले बोटीवर असतील तर ब्रेकरची जागा मोठ्या माणसांपैकी प्रत्येकाला माहीत हवी.

आपल्या खाड्यांचा चिखल ही विंडलासची खास परीक्षा असते. करडा, लोण्यासारखा गाळ प्रत्येक कडीच्या पोटात भरून येतो. तो जिप्सीच्या खाचेत थापला गेला की कडी नीट बसत नाही आणि साखळी घसरू लागते. लॉकरमध्ये गेला की उन्हाने वाळून दगड होतो आणि पाणी जायचे भोक बुजवतो. साखळी रोलरवर येतानाच धुतली पाहिजे. डेक धुवायचा छोटा पंप बसवणे शक्य असेल तर विंडलासबरोबरच बसवा, नसेल तर दोर बांधलेली बादली आणि एक लांब दांड्याचा ब्रश नाळेवर कायम ठेवा.

मे महिन्यात बोट वर काढल्यावर जिप्सी उतरवा, क्लचच्या शंकूंना आणि दांड्याला ग्रीस लावा. हे टाळले तर ब्राँझ आणि स्टील खाऱ्या पाण्यात एकमेकांना असे धरतात की पुढे उतरता उतरत नाहीत. गिअरचे तेल बघा. दुधाळ दिसले तर सील गेले आहे. डेकखालची मोटर लोखंडी असते आणि ओलीत गंजते. तिला रंग द्या आणि वरून ग्रीसयुक्त पट्टी गुंडाळा. हाताने फिरवायचा दांडा जागेवर आहे ना आणि तो खरेच चालतो ना, तेही दर हंगामाच्या सुरुवातीला तपासा.

यंत्र बाहेरून मागवावे लागले तर यायला वेळ लागतो, म्हणून पावसाळा संपायची वाट पाहू नका. साखळीच्या दहा कड्या, लॉकरची उंची, रोलरपासूनची रेष आणि बॅटरीपर्यंतची वाट ही चार मापे याच आठवड्यात घ्या, कागदावर लिहा आणि मगच ऑर्डर द्या. मागवतानाच एक जादा रिले, एक बटण आणि सीलचा संच सोबत मागवून ठेवा.